एकदा खोकलो की हसायचं

आमच्या भाचीचं जमत आलेलं लग्न एका यंत्रमानवानं मोडत आणलं, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. लोकांना ते पटत होतं. माझ्या बायकोला पटत नव्हतं, आणि दुर्दैवानं ती त्या वेळी माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती.

मी बारामतीतल्या एका शाळेत पीटीचा मास्तर. माझ्या एका 'सावधान'ला अख्खं मैदान पाय आपटतं. (घरात 'सावधान' म्हटलं तर बायको म्हणते, "दूध उतू चाललंय, तिकडं सावधान व्हा!") शिस्तीनं जगातला कुठलाही प्रश्न सुटतो असं माझं ठाम मत होतं. होतं, असं मुद्दाम लिहितोय.

माझी थोरली बहीण, अक्का, पणदऱ्याला दिलेली. तिची लेक स्नेहल. तिला इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचं स्थळ आलं. मुलगा अनिकेत बारामतीच्याच एमआयडीसीत रोबोटवर काम करतो. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्यांनी खोलात जाऊन चौकशी केली.

"म्हंजी करतो काय नेमकं?"

"बटण दाबतो, दाजी."

"आन् मग?"

"मग रोबोट काम करतो. हा बघत बसतो."

"लय झ्याक नोकरी हाय!" दाजी म्हणाले, आणि त्यांच्याकडून लग्न ठरलं.

पोरं फोनवर दोन-चारदा बोलली, आणि एका संध्याकाळी स्नेहल मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, मला आवडलाय तो. खरंच आवडलाय. ह्या वेळी काही गडबड होऊ देऊ नका." एवढी धीट पोरगी, पण बोलताना ओढणीचं टोक पिळत होती. मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, "मामा आहे ना!" पुढचं सगळं ह्या वाक्यामुळे घडलं.

'ह्या वेळी' म्हणण्याचं कारण असं की, गेल्या स्थळाच्या वेळी दाजी हसले होते. मुलाचे वडील आपल्या मेलेल्या म्हशीची हकिगत सांगत होते, आणि दाजी फिस्सकन हसले. मनात काही नव्हतं हो त्यांच्या! गंभीर प्रसंगी त्यांचं हसू सुटतं, त्याला ते काय करणार? अक्काचं बरोबर उलटं. तिला आनंदाच्या जागी रडू कोसळतं. शेजारच्या बारशाला ती इतकी रडली होती की बाळाची आजी घाबरून बाळाला आत घेऊन गेली.

त्यात अनिकेतनं सुचवलं, "कांदेपोहे नकोत. सगळे मिळून बारामतीत पिक्चर बघू. रोबोटचा कार्टून पिक्चर लागलाय." त्याच्या आईवडिलांनाही ते पसंत पडलं. मला मात्र घाम फुटला. सिनेमा म्हणजे हसू आणि रडू दोन्ही! आणि दोन्हीत आमची माणसं उलटी!

मग मी शिस्तीचा मार्ग काढला. पणदऱ्याला जाऊन अंगणात चार खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि अक्का, दाजी, स्नेहल यांना तालीम दिली. नियम सोपा. स्वतःच्या मनानं हसायचं नाही, रडायचं नाही, बोलायचं नाही. मी एकदा खोकलो की हसायचं. दोनदा खोकलो की गप्प.

"आन् रडायचं कवा?" अक्कानं विचारलं.

"रडायचं नाहीच! कार्टूनला कोण रडतं?"

"बाळू, माझ्या हातात न्हाय रं ते."

"हातात नाही, डोक्यात ठेव. चला, सराव! खँक!"

"हॅ हॅ हॅ!" दाजी हसले.

"खँक, खँक!"

दाजी असे थांबले की मी शाळेतल्या पोरांत तसं थांबणं पाहिलेलं नाही. वीस वेळा घेतलं, वीसही वेळा बिनचूक. बायकोनं मात्र तालमीत यायला साफ नकार दिला. "मला हसू आलं तर मी हसेन," म्हणाली. (घरात एक तरी बेशिस्त माणूस असतंच.)

तिकिटं मी स्वतः काढली. खिडकीवरच्या पोरानं दोनदा विचारलं, "सर, सगळ्यात पुढची रांग? नक्की?" मी म्हटलं, "पाहुणे आहेत आमचे." आता लग्नात, सभेत, कुठंही व्याह्यांना आपण पहिल्या रांगेत बसवतो की नाही? त्यांना काय मागं, भिंतीला टेकून बसवायचं? त्यामुळे रविवारी दुपारी आम्ही आठ जण अगदी पडद्याच्या पायथ्याशी, आभाळातून विमान चाललंय अशा माना वर करून बसलो होतो. यंत्रमानवाचे मला पहिली दहा मिनिटं फक्त गुडघे दिसले.

अनिकेतचे वडील, आबा, भला माणूस. फेटा मांडीवर काढून ठेवला, म्हणाले, "लय जवळनं दिसतंय. झाक हाय." अनिकेतच्या आईनं, काकूंनी, मानेवरनं हात फिरवला.

सिनेमा असा होता. एक कोरडा ठाक ग्रह. त्यावर एकच कालवा. त्याची दारं उघडायला एक जुना, गंजलेला यंत्रमानव. वरच्या वस्तीला पाणी द्यायचं, मग मधल्या, मग पार शेवटच्या. आता हे कुठल्या परदेशी माणसानं लिहिलं कोण जाणे, पण त्यानं आमच्याकडं येऊन बसायला हवं होतं! आमच्या भागात कालव्याच्या वरच्या अंगाला म्हणतात हेड, आणि शेवटाला टेल. दाजींचं पणदरं वर, आबांचं बावडा खाली. पाणी टेलला पोचत नाही, हेडवाले मधेच उपसतात, हे भांडण आमच्या जन्माआधीपासूनचं आहे. ज्या दोन गावांनी पाण्याचा विषय काढायचा नाही, त्यांना मी तिकीट काढून तोच विषय दाखवायला आणलं होतं!

पडद्यावर वरच्या वस्तीचं दार उघडलं, आणि आबा खुर्चीत सरळ झाले.

"आधी टेलला सोड की येड्या!"

मागच्या रांगांतून हशा आला. पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "बरोबर हाय, आबा!" आबांना चेव चढला. "ते बघा, ते वरचं लोकं रातीची मोटार टाकत्यात! समदीकडं हेडवालं सारखंच!"

दाजी पणदऱ्याचे. त्यांचा चेहरा फुगत चालला. उत्तर ओठांवर आलेलं दिसत होतं, पण बोलायला बंदी. ते माझ्याकडे बघत होते, मी डोळ्यांनी दटावत होतो. तेवढ्यात यंत्रमानव चिखलात घसरून पडला. मी संधी साधून एकदा खोकलो. "हॅ हॅ हॅ!" सगळी ओळ छान हसली. दोनदा खोकलो, सगळी ओळ छान थांबली. काकू कौतुकानं म्हणाल्या, "तुमची मानसं लय बेतशीर हायत, पाव्हणं." मध्यंतरात मी स्वतःवर इतका खूश होतो की सगळ्यांना समोसे दिले. स्नेहल आणि अनिकेत एका बाजूला उभे राहून बोलत होते. पोरगी हसत होती, आणि तेही मी न खोकता.

मध्यंतरानंतर घात झाला.

नवं, चकचकीत यंत्र आलं. जुना यंत्रमानव भंगारात निघाला. जाता जाता वाटेत त्याला शेवटच्या वस्तीचं बंद दार दिसलं. ओढून बघितलं, हलेना. अंगात ताकदच नव्हती. मग त्यानं स्वतःच्या छातीचं झाकण उघडलं, इंजिन थंड ठेवायला आत तांब्याभर पाणी होतं ते काढलं, आणि दारातल्या एका सुकल्या रोपाला घातलं. आणि तिथंच खाली बसला. डोळ्यांतला दिवा बारीक, बारीक होत गेला.

सगळं थेटर चिडीचूप. आबांनी फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. आणि माझ्या घशात हा एवढा आवंढा आला! मैदानावर पोराचा हात मोडला तरी ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही तो मी, एका लोखंडी डब्यासाठी हुंदका देणार होतो! तोही व्याह्यांसमोर! तो लपवायला मी काय करावं?

मी खोकलो. एकदा.

"हॅ हॅ हॅ हॅ!"

दाजींचा आवाज त्या शांततेत असा घुमला की मागं एक लहान मूल रडायला लागलं. अक्काच्या गालांवरून पाण्याच्या धारा चालल्या होत्या आणि तोंडानं ती हुकमाप्रमाणे "हि हि हि" करत होती. स्नेहल गोंधळून माझ्याकडे बघत कसनुसं हसली. मी घाईनं दोनदा खोकलो. ओळ थांबली. पण हुंदका काय मोजून येतो? लगेच दुसरा आला. ओळ हसली. पुन्हा दोन. थांबली. मग एक. हसली! यंत्रमानव तिकडे शेवटचे आचके देतोय, आणि इकडे पहिल्या रांगेत आमच्या घराण्याचं हसू चालू-बंद, चालू-बंद! लोक पडदा सोडून आमच्याकडे बघायला लागले. बायकोनं पदर तोंडावर घेतला.

आबा ताडकन उभे राहिले. पडद्यावर मरणाऱ्या यंत्रमानवाच्या पोटावर त्यांच्या डोक्याची सावली पडली.

"पाव्हणं! टेलला पानी न्हाय मिळालं, ह्यात हसण्यावानी काय हाय?"

दाजींना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी केविलवाणं माझ्याकडे पाहिलं. मला पुन्हा उमाळा आला. मी खोकलो. दाजी आबांच्या तोंडावर हसले!

बाहेर आल्यावर काकू आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "चला. यष्टी गाठू. हेडची मानसं ती हेडचीच." अनिकेत मधे उभा, चेहरा उतरलेला. स्नेहलकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिचा संसार मोडलाय आणि तो मी मोडलाय, एवढंच डोक्यात होतं, आणि खरं सांगतो, तेवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण पोरगीच पुढं झाली. "काकू, थांबा. आम्ही हसलो नाही. आम्हाला मामांनी खोकल्यावर हसायला शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

तिनं अंगणातल्या तालमीपासून सगळं सांगितलं. काकूंचा विश्वास बसेना. आबांनी मात्र दाजींकडे रोखून पाहिलं, आणि हळूच खोकले. एकदा.

"हॅ हॅ हॅ!"

आबा दोनदा खोकले. दाजी गप्प! आबांनी पुन्हा एकदा खोकून पाहिलं. मग पुन्हा. म्हातारा खूशच झाला. "आगं, ह्ये बटनावर चालतंय!" आणि इतके हसले की फेटा हातातून सुटून पायरीवर उलगडला. अनिकेत म्हणाला, "मामा, आमच्या कंपनीतला रोबोटसुद्धा एवढं ऐकत नाही!" अक्का आता आनंदानं मोकळेपणी रडत होती. दाजीही हसत होते, आणि ह्या वेळी आपल्या मनानं.

काकू तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी? तुमाला एवढा खोकला कशाचा आला?"

"घसा जरा…"

"रडत होते," बायकोनं सांगून टाकलं. "हमसून हमसून. माझा रुमालसुद्धा ह्यांच्याचकडे आहे."

काकूंनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं. मग पिशवीतून नारळ काढून त्यांनी अक्काच्या ओटीत घातला आणि स्नेहलच्या तोंडावरून हात फिरवला.

"पोरगी पसंत हाय आमाला. तिचं आईबाप बी पसंत हायत," त्या म्हणाल्या. "मामाचं तेवढं घरी जाऊन, इचार करून कळवतो."

लग्न होऊन दीड वर्ष झालं. अजून काही कळवलेलं नाही.