कडक की नरम

आमचा क्रेलिस, म्हणजे माझा नवरा, चीजचा पारखी. कालव्याकाठच्या बाजारात चीजच्या चाकाएवढ्या गोळ्यावर टकटक करायची, कान लावायचा आणि आतला माल कसा आहे ते सांगायचं, यातच जन्म गेला. जुनं, कडक चीज सापडलं की स्वारी खूश! घरी येऊन तेच चापायचं. दारूचा थेंब नाही, तरी सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. आता ते कडक झालंय का बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. कडक म्हणजे सिरॉसिस. मग अन्ननलिकेतल्या शिरा फुगणार, कॅन्सरची धास्ती. मी तर देव पाण्यात घालून बसले. हा मात्र फायब्रोस्कॅनला निघाला तो वरातीला निघाल्यासारखा, सायकलवर शीळ घालत! मला अस्सा राग आला.

मशीनवाली मार्लूस आमच्याच गावची. तिनं बरगड्यांमध्ये जेल लावून दांडी टेकवली. टक्! ते यंत्र ठोके मारूनच कडकपणा मोजतं.

"अगं, ही तर माझीच नोकरी!" क्रेलिस ओरडला. "ठोक, ठोक! कोवळा माल आहे बघ."

"काका, गप्प पडा. हसून पोट हलतंय."

"हलू दे की, भरपूर आहे!"

"जरा लाज बाळग," मी म्हटलं, पण मलाच हसू फुटलं, मग मार्लूसलाही. सगळं पुन्हा मोजावं लागलं.

शेवटी तो उठून बसला आणि तिच्यापुढे तळहात धरला. आमच्या बाजारात सौदा असाच होतो: भाव बोलायचा, टाळी द्यायची, पटला की हात धरायचा.

"चौदा," तो म्हणाला. यंत्राच्या मापात चौदा म्हणजे सिरॉसिसच.

टाळी. "खाली या, काका."

"दहा."

टाळी. "आणखी खाली!"

"सात?" आवाज चिरका झाला होता. टाळी. "पाच?"

तिनं हात घट्ट धरला.

"नरम!" क्रेलिस उघड्या पोटानं नाचायला लागला. मीही नाचले, जेल माझ्या कोटाला लागलं.

"चरबी मात्र काठोकाठ आहे," मार्लूस म्हणाली. "वजन उतरवा, चीज आवरा. नाहीतर होईल कडक."

दाराबाहेर त्यानं माझ्यापुढे हात धरला. "दिवसाला चार फोडी."

"एक." मी टाळी दिली.

हा माणूस माझ्या पहिल्या बोलीला कधीच कबूल झालेला नाही. आमच्या लग्नाच्या तारखेवरसुद्धा त्यानं घासाघीस केली होती.

"एक," तो म्हणाला आणि माझा हात धरला. त्याचा हात गारठलेला होता, घामानं चिंब. म्हणजे सकाळपासूनची ती शीळ! इतका भ्यायला होता बिचारा.

घरापर्यंत आम्ही सायकली शेजारीशेजारी चालवल्या. मागून वाट मागणाऱ्या सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, पण मी त्याचा हात सोडला नाही.