ओकातून फुंकर

आमच्या घरातलं लिहायचं टेबल परदेशी लाकडाचं आहे, पण ते कुठल्या दुकानातून आलेलं नाही. बाबा कोराडीच्या वीजघरात नोकरीला होते. तिथे बाहेरदेशाहून यंत्रं यायची मोठाल्या लाकडी खोक्यांतून, आणि यंत्र निघालं रे निघालं की अख्ख्या कॉलनीचा डोळा त्या खोक्यावर. कोणाचा दिवाण, कोणाचं देवघर, कोणाच्या कोंबड्यांचं खुराडं, सगळं त्याच फळ्यांचं. साहेबांना विचारूनच आणलं बरं का, हे बाबा अजूनही न विचारता सांगतात.

बहुतेक फळ्या हलक्या असायच्या. आमच्या वाट्याला आल्या त्या मात्र जड, खिळा ठोकला तर खिळाच वाकायचा. "अरे, हा तर ओक," असं एक साहेब म्हणाले आणि बाबांचा जीव त्या लाकडात अडकला तो अडकलाच. इकडे सारं नागपूर सागवानावर फिदा, आणि आमचे बाबा ओकाचे भक्त! त्यात त्यांना कुठूनसं कळलं की ओक दोन जातींचा असतो, लाल आणि पांढरा. टेबलाचे दोन पाय गुलाबीसर, दोन मातकट. मग यातला लाल कोणता, पांढरा कोणता? आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी टेबलाखाली वाकावं लागायचं.

या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले ते अर्धे होऊन. डॉक्टरांनी एकच काम नेमून दिलं. पाण्याच्या बाटलीत नळी घाला, फुंका, बुडबुडे काढा. छाती मोकळी झाली नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, हेही बजावलं.

बाबांनी बाटलीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी का लहान पोट्टा आहो? बुडबुडे काढत बसू?"

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"त्याले म्हणा, तूच काढ."

आई रडकुंडीला आली. मी विनवलं, मग चिडले, मग बाटली आदळली. राग कसला, भीती होती ती. हा माणूस नुसत्या हट्टापायी हातचा जाईल, याची भीती. मला बाबा हवे होते.

अशात एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. लाल ओकाच्या पोटात बारीक बारीक नळ्या मोकळ्या असतात, पांढऱ्याच्या बुजलेल्या. लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभी काडी कापायची, एक टोक पाण्यात बुडवायचं, दुसऱ्यातून फुंकायचं. लाल असेल तर बुडबुडे येतात. मी एकटीच हसत सुटले. टेबलाचे उरलेले तुकडे बाबांनी माळ्यावर जपून ठेवले होतेच. गल्लीतल्या सुताराकडून दोन काड्या कापून आणल्या, एक गुलाबीसर, एक मातकट.

सकाळच्या उन्हात बाबांसमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. ते सावरून बसले. मग डोळे बारीक केले.

"तू मले फसवून तर नाही राहिली?"

"फसवूनच राहिली. पण ओकाचा निकाल लागेल."

ते हसले, हसता हसता खोकले, आणि मातकट काडी उचलून त्यांनी फुंकर मारली. काही नाही. पुन्हा मारली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, चेहरा लाल झाला. पाणी जागचं हललं नाही.

बाबांनी काडी खाली ठेवली.

"गेलं वं सारं," ते म्हणाले. "काही उरलं नाही छातीत."

त्यांचे डोळे भरून आले. मी तीच काडी उचलली आणि जीव खाऊन फुंकलं. कान गच्च झाले, गाल दुखले, पण बुडबुडा नाही.

"बाबा, मलाही होत नाही!"

आई मेथी निवडत होती. "आण इकडे," म्हणत तिने हात पुसले आणि अशी जोरात फुंकली की चष्मा नाकावरून घसरला. तरी काही नाही.

"अगं बाई, हा पांढरा आहे!" मी ओरडले. "लाकूडच बंद आहे, बाबा. तुमची छाती नाही!"

मी दुसरी काडी पुढे केली. ते घेईनात.

"घ्या ना," आई हळूच म्हणाली. "मी बसली आहे ना इथं."

बाबांनी डोळे मिटले आणि फुंकलं. आधी काहीच नाही. मग काडीच्या टोकाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग माळच लागली. आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले.

इतकी वर्षं ज्याच्यासाठी पाहुण्यांना छळलं, तो लाल ओक सापडला होता. त्याचं नावही त्यांनी घेतलं नाही. ग्लास दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आईच्या तोंडासमोर धरला.

"पाह्य वं," ते म्हणाले, "मी आहो अजून."