रहमतचाचाच्या काचेतला पूल

रहमत फोटोवाला सरकारचा माणूस आहे, हे वणीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. बातमी हिरासिंगच्या पानठेल्यावरची. हिरासिंग आधी तोंडातला खर्रा गालात सरकवायचा, मग दोन्हीकडे बघायचा, आणि खुनाची खबर द्यावी तशा आवाजात सांगायचा, "पूल पाडून राह्यले बापा. नाईतर हा मानूस रोज पहाटे तिथं कायले जाते? मोजमाप चालू हाय." दुसऱ्या दिवशी यात भर पडे. कापसाचे भाव कोसळल्याची ती वर्षं. दिल्ली-मुंबईचे कॅमेरेवाले कर्जबुडव्या शेतकऱ्यांची घरं शोधत जिल्हाभर फिरत होते. तर रहमत त्यांनाही माल पुरवतो म्हणे.

यातलं खरं इतकंच, की रहमत पहाटे पुलावर असायचा. पूल कोणी पाडत नव्हतं. कॅमेरेवाले एकदा त्याच्या दुकानात आले होते. एखादं रडतं घर दाखवा म्हणाले. रहमतने त्यांना चहा पाजला आणि निरगुडा नदीवरचा पूल दाखवायला नेलं. ते पुन्हा फिरकले नाहीत.

बसस्टँडच्या मागे त्याचा स्टुडिओ. फॉर्मवर चिकटवायचे फोटो, बारशी, लग्नं, निकाह, यावर घर चाले. दुकान उघडायच्या आधीची वेळ मात्र पुलाची. उन्हाळ्यात धुळीने आभाळ पिवळं व्हायचं आणि गाव त्यात बुडाल्यासारखं दिसायचं. पावसाळ्यात निरगुडा चहाच्या रंगाची होऊन खांबांना धडका द्यायची. दिवाळीनंतर पुलावरून एका बाजूने कोळशाचे ट्रक आणि दुसऱ्या बाजूने कापसाचे ट्रॅक्टर. एक कठडा काळा व्हायचा, दुसऱ्याला पांढरे पुंजके लटकायचे. आणि थंडीत धुकं, त्यात कोळशाचा धूर, की पुलाचं दुसरं टोक गायब. मागे रंगनाथस्वामीच्या देवळाचा कळस, मशिदीचे मिनार, जिनिंगची चिमणी, पाण्याची टाकी. या सगळ्याला रहमत गावाची किनार म्हणायचा, साडीला असते तशी. आभाळाचा रंग बदलला की किनार वेगळी उठून दिसते, असं त्याचं म्हणणं. घरी जैनबबी, म्हणजे चाची, पोळी लाटता लाटता म्हणायची, "उसी पुल से निकाह पढ लेते, मुझे काहे को लाए?" रहमत यावर फक्त हसायचा, आणि ते हसणं बघून चाचीला आणखी चेव यायचा.

दुकानाच्या दर्शनी काचेत त्याने पुलाचा धुक्यातला मोठा फोटो लावला होता. खरी भानगड याच काचेची. कारण तेव्हा लग्नाच्या अल्बमात परदेश हवा असे. यवतमाळच्या लॅबमध्ये शादाब नावाचा पोरगा कॉम्प्युटरवर नवरा-नवरी कापून स्वित्झर्लंडात उभे करून द्यायचा. नवरी शालूत, नवरा फेट्यात, मागे बर्फ, आणि दोघांपैकी एकाच्याही अंगावर स्वेटर नाही. इतर फोटोवाले काचेत तोच बर्फ लावत. गिऱ्हाईक रहमतच्या काचेसमोर यायचं, पूल बघायचं आणि बर्फवाल्याकडे वळायचं.

त्याची पुतणी कशफ त्याला यावरून पिडायची. ती अकरावीत होती, आणि गावातल्या कोणाचाही आवाज काढू शकायची. हे लिहिणारीही तीच. एकदा तिने हिरासिंगच्या आवाजात चाचाला सुनावलं, की पैसे मोजून, जाणूनबुजून, स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात हा पूल टाकून घेणारा माणूस अजून जन्मला नाही. रहमत म्हणाला, लाव पैज. लग्नसराई संपेपर्यंत असा कोणी आला नाही, तर काचेतला पूल काढून तो बर्फ लावणार. आला, तर कशफने पुलावर उभं राहून फोटो काढून घ्यायचा, स्वतःच्या चेहऱ्याने. ही अट त्याने विचार करून घातली होती. घरात तिचा एकही फोटो असा नव्हता ज्यात ती दुसऱ्या कोणाचं तरी तोंड करून बसलेली नाही.

सराई कोरडी गेली. त्या साली लग्नंच उरकल्यासारखी झाली, अल्बम कोण करतो? रहमत सकाळी काच पुसायचा तेव्हा पुलाच्या फोटोपाशी त्याचा हात जरा रेंगाळायचा. शेवटचं काम पुंडलिकरावांचं राहिलं होतं. त्यांनी पोरीच्या, सत्यशीलाच्या, लग्नात बाकी सगळं आवरतं घेतलं, पण अल्बमात परदेश देईन असा शब्द तिला आधीच देऊन ठेवला होता.

अल्बम यवतमाळहून आला. रहमतने चाळला, आणि एका पानावर थांबला. बर्फ, बर्फ, बर्फ, आणि मग सत्यशीला आणि तिचा नवरा चक्क निरगुडेच्या पुलावर, धुक्यात. लॅबला पाठवलेल्या सीडीत रहमतने स्वतःसाठी काढलेला पुलाचा एक फोटो होता, मोठा करायला दिलेला. शादाबने वणी कधी पाहिली नव्हती. इतकं धुकं म्हटल्यावर त्याने तो परदेशातच जमा केला होता.

पुंडलिकराव अल्बम न्यायला आले. सत्यशीला माहेरपणाला घाटंजीहून आली होती, तीही सोबत. पुंडलिकराव एकेक पान लांब धरून बघत होते. पुलाच्या पानावर म्हणाले, "हे झ्याक हाय. तिकडं थंडी लय दिसते."

रहमत गप्प बसला असता तर कोणाला कळलंही नसतं. आत पडद्यामागे कशफ कान लावून होती. तिला वाटलं, चाचा आता पैज मारून नेणार. पण फसवून घेतलेला पूल त्याला नको होता. तो म्हणाला, "भाऊ, थे तिकडचं नाई. आपली निरगुडा हाय. लॅबवाल्यानं घोळ केला, मी पान बदलून देतो."

पुंडलिकरावांचं तोंड उतरलं. पोरीला शब्द दिला होता, तिच्या सासरच्यांनी अल्बम उघडावा आणि त्यात वणी निघावी, हे काय झालं, असं ते बराच वेळ बोलत राहिले. सत्यशीलाने अल्बम त्यांच्या हातातून काढून घेतला. कठड्याचा एक गज वाकलेला होता, ट्रकने ठोकलेला. तिने त्यावर बोट ठेवलं.

"शाळेत जातानी मी याले रोज हात लावत जाओ," ती म्हणाली. मग बर्फाची पानं मागेपुढे केली. "बाबा, घाटंजीले कोनी इचारलं हे कोनतं गाव, तर मी काय सांगू? इथं मी कधी गेलतीच नाई."

पुंडलिकराव म्हणाले, परदेशच हवा होता ना तुले? ती म्हणाली, तवा हवा होता, तवा मी वणीतच राहत होती.

मग तिने रहमतकडे बघितलं. "चाचा, पुराचा हाय का? अन् कापसाचा?"

 रहमतने खणातून फोटो काढले आणि टेबलावर मांडले: पूर, धूळ, कापसाचे पुंजके, कोळशाचे ट्रक. मांडताना एक उलटा पडला, तो त्याने दोनदा सरळ केला. सत्यशीलाने सगळी बर्फाची पानं काढायला लावली. वाकलेला गज दिसला पाहिजे, एवढी एकच अट घातली. जाता जाता पुंडलिकरावांनी पुराचा फोटो पुन्हा हातात घेतला आणि विचारलं, आपली बैलजोडी याच्यात उभी करता येते का?

कशफने पडद्यामागून बाहेर येऊन वाद घातला, की सुरुवात चुकीने झाली, म्हणून पैज धरायची नाही. निवाड्याला जैनबबीकडे गेले. तिने लाटणं न थांबवता विचारलं, "जान-बूझ के मांगा ना?" संपलं.

दुसऱ्या सकाळी कशफ पुलावर उभी राहिली. आधी तिने हिरासिंगचा गाल फुगवला, मग चाचीची भुवई. रहमत कॅमेऱ्यामागे नुसता थांबून होता. ट्रक गेले, ट्रॅक्टर गेले, तिच्याजवळची तोंडं संपली. तेव्हा त्याने बटण दाबलं.

तो फोटो काचेत लागला, पुलाच्या शेजारी. हिरासिंग दुकानासमोर येऊन उभा राहिला, खर्रा गालात सरकवला, बराच वेळ बघितलं.

"पूल तर वळखला," तो म्हणाला. "हे पोट्टी कोनाची?"