अण्णांच्या हातचे अर्ज

मॅट्रिक झालो आणि घरी बसलो. बसलो हे आपलं म्हणायचं. माझ्या पायांना एका जागी चैनच नसे. ओसरीवरून टपालकचेरी, तिथून कालव्याचा पूल, पुन्हा घर. आई म्हणे, "पायाला भिंगरी लावलीय का रे?" लढाईचे दिवस होते, नगरला नवी सरकारी खाती निघताहेत असं ऐकत होतो, पण बेलापुरात माझ्या नावाचं साधं कार्ड येत नव्हतं. त्यात घरच्यांनी ठरवून टाकलेलं: दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर खर्ड्याला मामांकडे जायचं आणि त्यांच्या हाताखाली भिक्षुकी करायची. जन्मभर मांडी घालून बसायचं, या कल्पनेनंच जीव गुदमरे.

अर्ज मात्र धडाधड सुटत होते. ते अण्णा लिहीत. अण्णा म्हणजे माझे वडील, नुकतेच निवृत्त झालेले शाळामास्तर. त्यांचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं. मानपत्र असो, दुकानाची पाटी असो, लोक त्यांच्याकडेच येत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. "हे साहेबापुढं गेलं तर माझी अब्रू जाईल," असं म्हणून त्यांनी टाक स्वतःकडे घेतला. यात काही वावगं आहे असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. मुलाचं लग्न बापानं ठरवायचं, तसा अर्जही बापानं लिहायचा.

अर्ज वळणदार इंग्रजीत असे आणि मजकूर सगळीकडे एकच. जागा कोर्टातली असो, जंगलखात्यातली असो, नाहीतर राजूरच्या शाळेतली, वरचा पत्ता तेवढा बदले. पहिला परिच्छेद अण्णांच्या नोकरीचा: किती निष्ठेनं शाळा चालवली, कोणत्या इन्स्पेक्टरनं शाबासकी दिली. दुसऱ्यात आमचं घराणं. मी शेवटी एका ओळीत उरे, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. मला त्याचा राग येई, पण अण्णांपुढं बोलायची छाती नव्हती.

एकदाचं नगरहून बोलावणं आलं. रेशनिंगच्या कचेरीत कारकून हवा होता. तिथल्या हेडक्लार्कनं माझा अर्ज हातात धरून कौतुकानं मान डोलावली. "अक्षर फार सुरेख आहे तुमचं. चार ओळी लिहून दाखवा."

मी लिहिल्या. त्यांनी एकदा अर्जाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "स्वहस्ते लिहिलेलाच अर्ज पाठवा, असं जाहिरातीत स्पष्ट म्हटलं होतं."

"वडिलांनी लिहिलाय," मी खरं ते सांगितलं.

"मग त्यांनाच पाठवून द्या!" ते म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या खुर्च्या हसल्या. कानशिलं तापली. परतीच्या गाडीत जागा असूनही मी दारात उभा राहिलो, आणि स्टेशनावरून गावापर्यंत जवळजवळ पळतच आलो.

अण्णांना झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "चांगल्या अक्षराची किंमत नाही त्यांना." मग मात्र माझा तोल गेला. "अण्णा, नोकरी मला लागायचीय, तुम्हांला नाही!" असा आवाज मी त्यांच्यापुढं कधी काढला नव्हता. आई आतून बाहेर आली. अण्णांनी टाक उचलून फडताळात ठेवून दिला, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दिवाळी तोंडावर आली. तेवढ्यात साखर कारखान्याला उसाच्या शेतांवर फिरणारा कारकून हवा असल्याचं कळलं. या खेपेला आधी स्वतः जाऊन पाहिलं. उसाच्या गाड्यांजवळ मुकादम उभा होता. त्याला विचारलं, काम काय असतं? तो म्हणाला, "लई चालावं लागतं बगा. सकाळपास्नं शेतं बगायची, तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या. बसनारा मानूस हितं टिकत न्हाई." मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली.

घरी येऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्याच अक्षरात अर्ज लिहिला. कालव्याकडचे सगळे मळे मला पायाखालचे आहेत, कुठली वाट पावसात बंद होते ते ठाऊक आहे, शेतकऱ्यांशी मी त्यांच्याच बोलीत बोलतो आणि मला एका जागी बसवत नाही. बस्स, एवढंच.

अण्णांनी तो मागून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. ते काय शोधत होते ते मला कळलं. पण तिथं ना त्यांची शाळा होती, ना आमचं घराणं. त्यांनी कागद परत दिला. एरवी प्रत्येक अर्ज ते स्वतः पेटीत टाकून येत. हा मी टाकला.

नोकरी लागली. आनंदानं मी वेशीपर्यंत उगाच चक्कर मारून आलो. आईनं पेढे वाटले. शेजारचे तांबोळी चाचा ओसरीवर येऊन अण्णांना म्हणाले, "मास्तर, तुमच्या अक्षरानं काम केलं बघा!"

मी दारातच उभा होतो. अण्णा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाही हो. त्यात मी कुठंच नव्हतो."

काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. पण ते खरं तेच सांगत होते.