शेरूचा कळप

शेजारच्या वहिनींचा शेरू मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा आहे. फ्लॅटमध्ये मेंढ्या कुठल्या! तो माणसंच वळतो. काल मी त्यांच्याकडे चहाला गेले, तर स्वयंपाकघरातून वहिनींना आणि गॅलरीतून त्यांच्या मिस्टरांना पोटरीला नाक लावून त्याने हॉलमध्ये आणलं. सगळे बसल्यावरच तो टेकला.

"रोज टेकडीवर पळवतो, तरी याचं हेच," वहिनी हसल्या. "याचं एक पिल्लू देऊ तुम्हाला? सोबत होईल."

टेकडी मी अजून चढते, त्यामुळे मोह झाला. पण मुलं परदेशात. माझ्या घरात वळायला मी एकटीच. मला खुर्चीत बसवून झालं, की उरलेल्यांसाठी ते दाराशीच ताटकळत राहणार.

"नको," मी म्हटलं. दाराकडे डोळे लावून बसायला घरात एकजण पुरे आहे.