दसऱ्याचा नारळ आणि शेठचा माणूस

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या ठाण्यात कोण हवालदार होता, हेही कधी कधी आठवत नाही. पण दसरा जवळ आला, बाजारात नारळांचे ढीग दिसायला लागले, की पैठण रोडवरचं एक प्रकरण कालच घडल्यासारखं डोळ्यांपुढे येतं. नावं सांगणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच भागात कामं करतात आणि सणासुदीला एकमेकांना भेटतात.

तेव्हा मी सहायक निरीक्षक होतो. ठाणं लहान होतं. सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी पुढे ओढायचा आणि समोरच्या टपरीवरून चहाची किटली यायची. कारखान्यांचा भाग असल्यामुळे तक्रारीही ठरलेल्या असत. कुणाची केबल कापून नेलेली, कुणाची मोटारसायकल गेलेली, दोन शिफ्टमधल्या पोरांची हाणामारी. त्या चहाची आणि त्या खडखडणाऱ्या पंख्याची मला आजही आठवण येते. त्या वेळी मात्र बदली कधी होते याचीच वाट पाहत होतो.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. वाळूजला कारखाना असलेले एक शेठ ठाण्यात आले. त्यांची डाय गेली होती. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा जड लोखंडी साचा. तो मालकाचा असतो, पण राहतो जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडमध्ये, कारण पत्रा दाबायचं काम तिथं होतं. शेठची डाय चितेगावच्या एका बाईच्या शेडमध्ये होती. बाईचा नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि शेडचा सगळा कारभार ती बघायची. सगळे तिला ताई म्हणत.

शेठचं म्हणणं असं, की त्यांचा जुना माणूस दसऱ्यानंतर ताईकडे गेला, टेम्पोत डाय घातली आणि पसार झाला. वीस वर्षं तो त्यांच्याकडे होता. माल पोचवणं, डाय नेणं-आणणं, कुणाला किती काम द्यायचं ते ठरवणं, सगळं तोच करायचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. गणपती उठल्यावर शेठनी त्याला कामावरून काढलं होतं.

"दोघांवर गुन्हा दाखल करा," शेठ म्हणाले. "अण्णाला काढलंय हे तिला पक्कं माहीत होतं. दोघांची मिलीभगत आहे."

"तिला तुम्ही कळवलं होतं का?"

"सगळ्यांना सांगितलं होतं, साहेब."

'सगळ्यांना सांगितलं' या दोन शब्दांवर माझा नोकरीत कधीच विश्वास बसला नाही. सगळ्यांना सांगितलेलं बहुधा कुणालाच सांगितलेलं नसतं. पण शेठही खोटं रडत नव्हते. डाय नाही म्हणजे पुढच्या मोठ्या कंपनीला माल नाही, आणि ती कंपनी थांबून राहणार नव्हती.

मी चितेगावला गेलो, पंचनामा केला, ताईचा जबाब घेतला. शेडमध्ये पत्रा दाबायच्या दोन पॉवर प्रेस होत्या आणि भिंतीला लागून आणखी चार पार्ट्यांच्या डाय ओळीनं मांडलेल्या होत्या. तिनं चलनबुक काढून दाखवलं. डाय नेल्याची सही होती आणि सहीखाली 'शेठकरिता' असं लिहिलं होतं.

"साहेब, आजवर शेठची डाय अण्णांनीच आणली, अण्णांनीच नेली," ती म्हणाली. "मी कशाला इचारू, तुमाला काढलं का म्हणून? असं कुणी इचारतं व्हय?"

मग त्या चार डायकडे बघत ती हळूच म्हणाली, "माझं नाव कागदावर आलं ना साहेब, तर संध्याकाळच्या आत ह्या समद्या उचलून नेतील लोक. मग हे शेड मोकळंच."

ती चुकीचं बोलत नव्हती. या धंद्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळणं हीच माणसाची पत असते. आरोपी म्हणून नाव आलं की पुढे कोर्टात सुटका झाली काय आणि न झाली काय, काम आधीच गेलेलं असतं. मी फिर्याद घेतली ती अण्णाविरुद्ध. ताईचं नाव तपास होईपर्यंत बाजूला ठेवलं. शेठ नाराज होऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी वरून मला फोन आला, की त्या बाईचं काय केलं?

खबर मिळाली ती बजाजनगरमधून. तिथं चेन पुली भाड्यानं देणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. जड लोखंड उचलायचं तर पुली लागतेच, म्हणून मी त्याच्या कानावर घालून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच ठाण्यात आला.

"साब, एक पुली गई बिडकीन के तरफ. एकीच दिन के वास्ते. कागद पे नाम नक्को लिखो बोला वो."

बिडकीनला अण्णाच्या मेव्हण्याचं पत्र्याचं शेड निघालं. डाय तिथंच होती, ताडपत्रीखाली, तेल लावून ठेवलेली. विकली नव्हती, चालवलीही नव्हती. मुद्देमाल जप्त केला, अण्णाला ठाण्यात आणलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. चोरीचं विचारलं की गप्प. माझा अनुभव असा, की आयुष्यभर दुसऱ्याचा निरोप पोचवणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल बोलता येत नाही. त्याला कामाचं विचारावं. मी विचारलं, ही डाय पहिल्यांदा बसवली तेव्हा किती दिवस लागले? तसा तो बोलायला लागला. कुठली पिन सारखी तुटायची, पत्रा कुठं फाटायचा, सगळं सांगितलं. एक कप चहा संपला, दुसरा आला. मग मध्येच थांबून म्हणाला, "ताईला माहीत होतं साहेब. मला काढलंय हे मी तिला सांगितलं होतं. तिनं राजीखुशीनं दिली."

तो असं का म्हणतोय ते मला कळत होतं. तिला माहीत होतं असं ठरलं, तर तिची फसवणूक झाली असं म्हणता येणार नव्हतं आणि तो एकटा अडकत नव्हता. पण शेठना हे कळताच ते जिंकल्यासारखे ठाण्यात हजर झाले. काढणारा मालक आणि काढलेला माणूस यांचं आता एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, की ताईला अडकवायचं.

मी पुन्हा चितेगावला गेलो. खरं सांगतो, मनात धाकधूक होती. पहिल्या वेळी मी सगळं लक्ष जमिनीवर ठेवलं होतं, डाय कुठून उचलली, टेम्पो कुठं लावला. या वेळी ताई पाणी आणायला गेली आणि माझी नजर वर गेली. दोन्ही प्रेसच्या डोक्यावर खुंटीला लाल कापडात बांधलेले नारळ लटकत होते. कापड नवंकोरं होतं, हळदी-कुंकू अजून ताजं दिसत होतं.

"हे काय, ताई?"

"शेठचे नारळ हायेत. खंडेनवमीला मशिनीची पूजा करतो ना, तवा दर साली शेठकडून येतात. आमी ते फोडत नाय. सालभर मशिनीवर बांधून ठेवायचे, दुसऱ्या साली नवे आले की जुने इहिरीत सोडायचे."

"यंदा कुणी आणले?"

"अण्णांनीच की. दर साली तेच आणतात. मी त्यांना टॉवेल-टोपी केली. फोटो बी हाय."

तिनं मोबाइल पुढे केला. फोटोत अण्णा प्रेसला कुंकू लावत होता, डोक्यावर नवी टोपी. गणपतीनंतर कामावरून काढलेला माणूस खंडेनवमीला शेठचा नारळ घेऊन आला होता. मी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

त्याच दुपारी शेठ आणि अण्णा दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवलं. ताईच्या मोबाइलवरून काढून घेतलेला फोटो टेबलावर ठेवला. शेठना एवढंच विचारलं, "यंदा नारळ कुणाबरोबर पाठवलेत?"

शेठनी फोटो जवळ ओढून पाहिला. मग म्हणाले, "साहेब, वीस वर्षं हाच नेत होता. आई म्हणाली, सणाचा माणूस बदलू नये. मलाही वाटलं, एवढा दसरा जाऊ द्यावा. आणि लोकांना सांगायचं तरी काय? मुलगा शिकून आला, सगळं फोनवर करतो म्हणतो, म्हणून घरच्यासारख्या माणसाला काढलं?"

"मग सगळ्यांना सांगितलं होतं ते?"

"सांगणार होतो. दिवाळीनंतर."

अण्णानं टोपी काढून हातात घेतली. "मला बी सांगवलं नाय, साहेब," तो म्हणाला. "ताईनं टोपी घातली, पाया पडली. तिला कोणत्या तोंडानं सांगू, की मी आता शेठचा माणूस नाय? तिला काहीच माहीत नव्हतं. मी खोटं बोललो." मग शेठकडे न बघता म्हणाला, "डाय मला विकायची नव्हती. डायसाठी तरी शेठ एकदा माझ्या दारात येतील, असं वाटलं."

मला लई वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी उगाच कागद चाळत बसलो.

कायद्याची बाजू मला सरकारी वकील बाईंनी समजावून दिली. कायद्याच्या मराठी पुस्तकात अशा माणसाला अभिकर्ता म्हणतात. ठाण्यात तो शब्द कुणी उच्चारला असता तर हवालदारानं पुन्हा विचारलं असतं. लोक मुखत्यार म्हणतात, एजंट म्हणतात, नाहीतर नुसतं शेठचा माणूस म्हणतात. वकील बाईंनी सांगितलं ते असं. आपण ज्याला आपल्या वतीनं पाठवतो, त्यानं त्या कामात केलेला व्यवहार आपलाच धरला जातो. त्याला लेखी अधिकारपत्र दिलेलं असायलाच हवं असं नाही. वर्षानुवर्षं आपण त्याला पुढे केलं, तर समोरच्यानं त्याच्यावर विश्वास ठेवण्यात चूक नाही. आणि त्याला काढलं, तर ते समोरच्याला कळेपर्यंत समोरच्यापुरतं काढलेलं धरत नाहीत. शेठनी तर काढल्यानंतरही नारळ देऊन त्याला पाठवलं होतं. ताईनं डाय दिली ती तिच्या समजुतीप्रमाणे शेठलाच दिली होती.

ताईचा जबाब साक्षीदार म्हणून गेला. तिच्या शेडमधल्या चारही डाय होत्या तिथंच राहिल्या. अण्णावर फसवणुकीचा खटला चालला आणि पुढे कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. डाय कोर्टातून सुटली तेव्हा शेठ स्वतः ती घेऊन चितेगावला गेले. सोबत नवा माणूस होता. ताईपुढे त्याला उभं करून ते म्हणाले, "आजपासून हा. अण्णा आता आपल्याकडे नाहीत." हे मला ताईनंच नंतर सांगितलं. ते म्हणताना शेठचे डोळे भरून आले होते, असंही ती म्हणाली.

तेव्हा मी मनात शेठवर चिडलो होतो. चार शब्द सांगायचे होते, तेवढेही यांना जमू नयेत? त्यापायी एक बाई गजाआड जायची वेळ आली होती. सांगणं किती जड जातं, हे मला पुढे निवृत्त झाल्यावर कळलं.

निवृत्तीला दोन महिने झाले होते. संभाजीनगरच्या घरी ताई आली. नवऱ्याची मोटारसायकल चोरीला गेली होती आणि ठाण्यात तक्रार घ्यायला टाळाटाळ चालली होती. "साहेब, तुमी नुसता एक शब्द टाका," ती म्हणाली. तिथला अधिकारी माझ्या हाताखाली शिकलेला. मोबाइल खिशातून हातात आलाही होता. कोपऱ्यावरचा हवालदार अजून मला सलाम करायचा, शेजारी अजून भांडणं सोडवायला बोलवायचे, आणि मी निवृत्त झालोय हे मी कुणालाच सांगत नव्हतो. गोड वाटत होतं ते. ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला ते लाल कापडातले नारळ आठवले.

"ताई," मी म्हणालो, "मी आता साहेब राहिलो नाही. दोन महिने झाले निवृत्त होऊन."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं. नायतर मी चार जणांना सांगत फिरले असते, आपले साहेब हायेत म्हणून."

मी तिला अर्ज लिहून दिला, कुणाला द्यायचा आणि पोच कशी मागायची ते सांगितलं. बायकोनं चहा दिला. निघताना ती पायरीवर थांबली.

"मग आता तुमाला काय म्हणायचं?"

"दादा म्हणा."

तिनं मान डोलावली. फाटकापाशी जाऊन वळली आणि सवयीनं म्हणाली, "येते, साहेब."