मर्ल कुबिचेकचा जमिनीवरचा खेळ

नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजात मर्ल कुबिचेक आयुष्यभर एकच गोष्ट शिकवत आला होता: पहिलं पाऊल पुढे टाकायचं. समोरचा कितीही दांडगा असो, चेंडू हलला की जमिनीवर टेकलेला हात उचलायचा आणि सरळ त्याच्या अंगावर जायचं. मर्ल अमेरिकन फुटबॉलच्या संघातल्या, समोरच्यांना अंगाने अडवणाऱ्या पुढच्या रांगेचा कोच होता. चेंडू घेऊन पळणं ज्यांच्या नशिबी नाही आणि ज्यांची नावं त्यांच्या आयांखेरीज कुणाच्या लक्षात राहत नाहीत, अशा पाच जाड्या पोरांचा तो मायबाप.

त्यांचा संघ ऑप्शन खेळायचा. म्हणजे चेंडू हवेत फेकायचा नाही, जमिनीवरून पळवत न्यायचा. त्यातली मेख अशी, की समोरच्या एका गड्याला मुद्दाम कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हाती येतो त्या गड्याने, त्याच्यावर नजर ठेवायची. तो आत धावला तर चेंडू घेऊन बाहेरून पळायचं, बाहेर थांबला तर आतल्या सोबत्याच्या हाती द्यायचा. एक गडी असा फुकटात फसला की बाकीच्यांना अडवायला आपली माणसं जास्त उरतात. मोठ्या विद्यापीठांनी ढुंकूनही न पाहिलेली शेतांवरची बुटकी पोरं याच खेळाच्या जोरावर धिप्पाडांना लोळवत. ती समोरच्याच्या गुडघ्यांत अशी शिरत, की तो आडवाच होई. तेव्हा सामन्याच्या शनिवारी दुपारी अख्खं गाव मैदानावर असे, पाव विकत घ्यायचा म्हटलं तरी दुकान उघडं सापडत नसे.

पुढे गुडघ्यात शिरण्यावर नियम कडक झाले. आसपासच्या शाळांनी एकेक करत फेकीचा खेळ धरला, आणि कॉलेजात येणाऱ्या पोरांनी हात जमिनीला टेकवून उभं राहणं जन्मात केलेलं नसे. संघ हरू लागला. आधी थोडक्यात हरायचा, मग सपाटून हरायला लागला, आणि शेवटी हरण्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. मर्ल मात्र तेच शिकवत राहिला. या माणसाला हट्टी म्हणावं तर तो इतका प्रेमळ होता, की शब्द ओठावर येऊन परत जाई.

गावाचा एक रिवाज होता. दर सोमवारी दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जेवण असे, वाडगाभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल. आणि आदल्या शनिवारी जे काही झालं असेल त्याचा जबाब सगळ्या कोचांनी तिथे उभं राहून द्यायचा. जिंकत होते तोवर तो सोहळा होता. आता ती पंचाईत झाली होती. एका सोमवारी डेल ओस्टमन, एके काळी ट्रॅक्टर विकणारा आणि आता नुसता बोलणारा, चमचा खाली ठेवून म्हणाला, "मर्ल, त्या एकाला अडवायचं नाही, हे समजलं. पण तुझी पोरं बाकीच्या दहांनाही सोडून देतात, ते कशासाठी?"

हॉल हसला. मर्लही हसला आणि रोलचा तुकडा चिलीत बुडवून खात राहिला.

मुख्य कोच ग्रेडी टिलॉटसन हसला नाही. तो मर्लच्याच हाताखाली वाढलेला. चांगल्या दिवसांत तो इथला क्वार्टरबॅक होता. परतताना गाडीत त्याने विषय काढला. कॉलेजचे वरिष्ठ अस्वस्थ होते आणि त्याची खुर्ची डळमळत होती.

"खेळ बदलायचा का, मर्ल? रांग तुमच्या हातात आहे. तुम्ही हो म्हणा, मी उद्यापासून बदलतो."

"आणि या पोरांचं काय करशील?" मर्ल म्हणाला. "फेकीच्या खेळात रांगेला उंच, लांब हातांची माणसं लागतात. टेटला तिथे कोण उभं करणार आहे?"

टेट श्रोडर हा रांगेच्या मधला गडी, बुटका, शेवटच्या वर्षाचा. मर्लचा त्याच्यावर भारी जीव. तेव्हा हे म्हणणं काही खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. दुसरा कुठला खेळ मर्लला शिकवताच येत नव्हता. ते त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने टेटचं नाव एवढ्या ठासून घेतलं. ग्रेडीने मान डोलावली. आपल्या जुन्या कोचचं मन त्याला मोडवेना.

हंगाम अर्धा सरला आणि संघ अजून एकही सामना जिंकला नव्हता, तेव्हा टेट स्वतःच मर्लच्या खोलीत आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"कोच, आम्ही आपापसांत बोललो. एकदा दुसऱ्या पद्धतीने खेळून बघायचं का? मला बाहेर बसवलंत तरी चालेल."

मर्लच्या मनाला ते फार लागलं. स्वतःच्याच पोराने पाठ फिरवावी तसं वाटलं. आणि त्या भरात तो बोलून गेला, "खेळात खोट नाही रे. पाऊल उशिरा पडतंय तुझं. मधलाच मागे राहिला की अख्खी रांग मागे राहते."

टेट बरं म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो वर्ग भरायच्या आधी, बोटं आखडवणाऱ्या थंडीत एकटाच मैदानावर येऊ लागला. तिथल्या सरावाच्या लोखंडी ढकलगाडीसमोर वाकायचं, पहिलं पाऊल टाकायचं, पुन्हा मागे येऊन वाकायचं. खिडकीतून ते बघताना मर्लचा ऊर भरून येई. पोरगं सुधारतंय, असं त्याला वाटे. सुधारण्यासारखं त्यात काही नव्हतंच, हे कुणी सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

ते सगळे सामने हरले. नोव्हेंबरात ग्रेडीला काढलं. तो बायकामुलांसह कन्सासला, सासऱ्याच्या बियाण्यांच्या दुकानात निघाला. जाण्याआधी मर्लच्या घरी आला, मर्लच्या बायकोच्या, लॉरेटावहिनींच्या हातची कॉफी प्यायला, हवापाण्याचं बोलला. दोष काही दिला नाही. त्याने दोन शब्द सुनावले असते तर मर्लला ते सोसलं असतं.

नवा कोच डेव्हिन पर्सेल टेक्सासचा, मर्लच्या मुलाच्या वयाचा आणि फेकीच्या खेळातला. शेतांवरच्या आया मर्लच्या भरवशावर पोरं या कॉलेजात धाडत, म्हणून त्याने मर्लला ठेवून घेतलं, आणि पहिल्याच दिवशी अदबीने सांगितलं, "कोच कुबिचेक, यापुढे बहुतेक वेळा पहिलं पाऊल मागे पडेल. मागे सरत सरत समोरच्याला थोपवायचं."

मर्ल ते शिकला. एकदा लॉरेटा धुतलेले कपडे आणायला गॅरेजमध्ये गेली, तर हा म्हातारा हात पुढे धरून भिंतीपासून मागे मागे सरत होता. ती तशीच परतली. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

सप्टेंबरात घरच्या मैदानावर पहिला सामना झाला. पोरं बहुतेक तीच, गेल्या वर्षी मार खाल्लेली. मधल्या जागेवर टेटच्या मागे ताटकळलेला पोरगा उभा होता, आणि तो टेटपेक्षाही बुटका होता. त्याने काही बिघडलं नाही. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो न येतो तोच सुटत होता. रांगेला समोरच्यांना दोन श्वासांपुरतं थोपवायचं होतं, आणि तेवढं ती पोरं आरामात करत होती. लांब हात, उंच माणसं, यातलं काहीच लागलं नाही. संघ जिंकला, आणि चांगला घसघशीत जिंकला. लोक कुंपण ओलांडून मैदानात आले. डेल ओस्टमनने मर्लचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि एकही टोमणा मारला नाही.

 आपण हरलो असतो तर बरं झालं असतं, हा विचार मर्लच्या मनात आला आणि त्याची त्यालाच किळस आली. हे जर एवढं सोपं होतं, तर गेली कित्येक वर्षं पोरं कशासाठी हरली? दर शनिवारी माना खाली घालून बसमध्ये चढलेली ती सगळी पोरं एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. खोट त्यांच्यात नव्हती. खेळातही नव्हती, खेळ आपल्या काळात चांगलाच होता. खोट त्या काळाला चिकटून बसलेल्या माणसात होती.

गर्दीतून टेट आला. तो आता गुरं पोसायच्या मोठ्या गोठ्यावर कामाला होता. बूट शेणाने माखलेले तसेच होते. त्याने मर्लला मिठी मारली. तो मनापासून खूश होता.

"काय खेळली पोरं, कोच. मस्त." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "तीच पोरं आहेत ना ही? आमचीच?"

"तुमचीच."

टेट मैदानाकडे बघत राहिला. कुजकं बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे माझं पाऊल उशिरा पडत नव्हतं?"

"नाही," मर्ल म्हणाला. "नव्हतं पडत."

टेटने खोल श्वास सोडला. वर्षभराचं ओझं उतरावं तसा त्याचा चेहरा सैल झाला.

"मला वाटायचं, ग्रेडी कोचची नोकरी माझ्यामुळे गेली," तो म्हणाला. "त्यांना फोन करायला तोंडच नव्हतं मला. आता घरी जाऊन करतो."

त्याने मर्लचा खांदा थोपटला आणि पोरांचं अभिनंदन करायला तो मैदानात गेला. आपण टेटचंच नाव पुढे करून ग्रेडीला खेळ बदलू दिला नव्हता, हे त्या फोनवर निघणार, हे मर्लच्या ध्यानात आलं. त्याला टेटला हाक मारायची होती. पण हाक मारून सांगायचं काय, हेच त्याला कळेना.